नीना निघाली, आम्ही बसलो

हुसेनभाई शवपेटीशेजारी जमिनीवर बसले आणि उठायला तयार होईनात.

काल दुपारची गोष्ट. मुहैस्नाह, मृतदेह मायदेशी पाठवण्याआधी जिथे तयार करतात त्या एम्बामिंग सेंटरच्या मागचं आवार. पेटी ट्रॉलीवर होती. एअरपोर्टला नेणारी व्हॅन दार उघडं टाकून उभी होती, इंजिन चालू.

"चाचा, उठो. कार्गो वाले नहीं रुकेंगे," ड्रायव्हर म्हणाला. पेशावरचा पठाण.

"दो मिनट."

मी खाली वाकून म्हटलं, "हुसेनभाई, फ्लाइट चुकली तर सगळे पेपर्स पुन्हा करावे लागतील. ती इथेच अडकेल."

"अडकू दे. बसल्याशिवाय नाय पाठवायची तिला. तू पण बस, प्रोफेसर."

मी उभाच राहिलो.

पेटीत नीना होती.

देऱ्यात, या आखाती शहराच्या जुन्या बाजारात, हुसेनभाईंचं फरच्या कोटांचं दुकान आहे.
"बट हू बाइज देम हिअर, बाबा?" माझी मुलगी लहानपणी विचारायची.

रशियन घ्यायचे. सोव्हिएत युनियन मोडल्यावर ते विमानं भरभरून यायचे, चौकडीच्या रिकाम्या पिशव्या घेऊन. हुसेनभाई मूळ रत्नागिरीचे, आधी घड्याळं विकायचे. एका सीझनमध्ये त्यांच्या दुकानाची पाटी रशियन झाली.

मी पुण्यात रशियन साहित्यात एम.ए. केलं होतं. ज्या देशासाठी शिकलो तो देश राहिला नाही. नोकरी मिळाली ती या दुकानात, दुभाष्याची.
म्हणून प्रोफेसर.

नीना उरलमधल्या एका लहान गावात भूगोल शिकवायची. देश बदलला, पण शाळेत नवा नकाशा आला नाही. जुन्याच नकाशावर पेनाने सीमा काढून ती शिकवत राहिली.

मग पगार थांबला. गावात भांड्यांचा कारखाना होता. पगाराऐवजी पातेली मिळाली, कामगारांनाही आणि शिक्षकांनाही.

"हायवेवर आम्ही सगळे ओळीने उभे," ती हसत सांगायची. "प्रत्येकासमोर तीच पातेली. घेणार कोण?"

तिने शाळा सोडली, पिशव्या उचलल्या आणि आमच्या दुकानातून माल न्यायला लागली.

माझ्याशी ती रशियनमध्ये बोलायची, हुसेनभाईंशी दुकानातल्या हिंदीत. मराठी शब्द एकच शिकली होती.

"बसा."

माल बांधून झाला, टॅक्सी आली, की ती सगळ्यांना बसवायची. तिच्याकडची पद्धत. प्रवासाला निघताना जाणारे आणि मागे राहणारे, सगळ्यांनी क्षणभर बसायचं. कोणी बोलायचं नाही. मग उठायचं आणि जायचं.

मी सांगितलं, माझी आई निघताना हातावर दही घालायची.
ती म्हणाली, "दही राहू दे. तू बस."

आम्ही गाठोड्यांवर बसायचो. शेवटी हुसेनभाई म्हणायचे, "चल, अल्ला के हवाले." त्याशिवाय ती उठायची नाही.

एकदाच ती न बसता निघाली. स्वतःच्या घरून.

तिची आई दाराजवळच्या स्टुलावर बसलेली होती. बाहेर मिनीबस हॉर्न देत होती. "आठवड्यात येते," म्हणत नीना धावली.

त्याच आठवड्यात रुबल कोसळला. तिला परत नेणारी चार्टर कंपनी बंद पडली. तिकडे ज्या स्टेडियमवर ती माल विकायची, तिथला बाजार उठला. नीना हुसेनभाईंच्या काउंटरमागे उभी राहिली, थोडे दिवस म्हणून.

त्या हिवाळ्यात आई गेली.

"आई अजून त्या स्टुलावर आहे," ती मला म्हणायची. मध्येच, हातावर गिऱ्हाईकाचा कोट असताना.

हुसेनभाई समजवायचे. "अरे, वो चली गई. अल्ला ने अच्छी जगह बिठाया होगा."

"नहीं हुसेन. वो बैठी है. मैं बैठेगी, तब उठेगी."

तरी ती गेली नाही. दर वर्षी म्हणायची, पुढच्या हिवाळ्यात. विमानं पुन्हा सुरू झाली, पैसेही होते. एकदा मी सरळ विचारलं.

"दार उघडलं आणि ती खरंच तिथे असली तर?" नीना म्हणाली.

मी पुन्हा विचारलं नाही.

आता मी जेएलटीमध्ये, शहराच्या नव्या टॉवरांच्या भागात, काम करतो. गेल्या काही वर्षांत युद्धामुळे देश सोडून नवे रशियन आलेत, त्यांच्या फ्लॅटचे करार भाषांतरित करतो. नीना एकदा ऑफिसला आली होती. लॉबीत लॅपटॉप उघडून बसलेल्या त्या मुलांकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"यांच्याकडे पिशव्याच नाहीत," ती म्हणाली.

थोड्या वेळाने, हळू आवाजात: "निघताना हे बसले असतील का रे?"

शेवटी हॉस्पिटलमध्ये तिने हात धरला तो हुसेनभाईंचा. माझा नाही.

"घर भेज देना. लेकिन बैठके."

काल त्या आवारात ड्रायव्हरने विचारलं, "चाचा, कोई दुआ है?"

"नहीं. बैठा हूँ. ये जा रही है."

तो पेटीकडे बघत राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं आणि व्हॅनच्या पायरीवर बसला.

मी बसलो. फरशी तापलेली होती.

कोणी बोललं नाही.

भिंतीशी, पेटीच्या पलीकडे, स्टूल सरकल्यासारखा आवाज आला. कोणीतरी उठताना येतो तसा.
ट्रॉलीचं चाक असेल.

हुसेनभाई माझ्या खांद्यावर हात टेकून उठले. गुडघे दुखतात त्यांचे.

"चल नीना. अल्ला के हवाले."

नीट जा, नीना. आम्ही बसलो होतो.

आज सकाळी तिच्या भाचीचा मेसेज आला. पोचली. तिकडे बर्फ पडतंय.

मी तो हुसेनभाईंना वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली आणि दुकान उघडलं.