नकुलच्या मित्रासाठी पुस्तक

अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळींत कुणाला नवी नोकरी लागली, मूल झालं किंवा बाजार पडून झोप उडाली, की एकच सल्ला मिळतो : खानझोडेंना विचार. विनय खानझोडे मूळचा नागपूरचा, वय सत्तेचाळीस, एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतो. पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याची यादी. बचत, गुंतवणूक आणि अर्थव्यवस्था यांवरची एक्केचाळीस पुस्तकं आणि प्रत्येकापुढे त्याचा शेरा. 'पहिला पगार हातात पडायच्या आत वाचा.' 'पहिली साठ पानं सोडा, लेखकाला स्वतःचं कौतुक फार.' 'बाजार पडल्यावर वाचून उपयोग नाही, आधीच वाचून ठेवा.' ही यादी फिरत फिरत पार दुसऱ्या राज्यातल्या नेपरव्हिलपर्यंत गेली आहे. तिकडच्या काहींना तर खानझोडे हे माणसाचं नाव आहे की प्रकाशनाचं, तेही माहीत नाही.

इतकी पुस्तकं वाचणारा माणूस एका जागी बसून मात्र एकही वाचत नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखा स्वयंपाकघराच्या ओट्याभोवती फेऱ्या मारतो आणि वळणावर पान उलटतो. "बाबा, यू आर मेकिंग मी डिझी," असं मुलगी अनया रोज म्हणते, आणि तो रोज "हो हो" म्हणून पुढची फेरी सुरू करतो.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी वस्तीच्या क्लबहाउसमध्ये त्याचं वाचनमंडळ भरतं. नऊ-दहा जण, भरपूर पोहे आणि एक पुस्तक. नियम एकच : आकडा काढायचा नाही. पुस्तकाबद्दल हवं ते बोला, स्वतःच्या पैशांबद्दल अवाक्षर नको. हा नियम विनयनेच केला, आणि उगाच केला नाही. अगदी पहिल्या बैठकीत दोघांनी आपापल्या पगाराचे आकडे ऐकवले, तिसऱ्याचं तोंड एवढंसं झालं आणि तो पुन्हा फिरकला नाही. तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची. महागाई, व्याजदर, मंदी यांवर सगळे तावातावाने भांडतात, आणि शेजारच्या खुर्चीतल्याचं बरं चाललंय की नाही याचा कुणालाच पत्ता नसतो. सहा वर्षं हे असं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

गेल्या ऑक्टोबरात बैठक संपल्यावर नकुल खुर्च्या उचलायला मागे थांबला. नकुल चौतिशीतला, पुण्याचा, मंडळातला सगळ्यात हसरा माणूस.

"दादा, कर्जातून बाहेर पडायचं एखादं चांगलं पुस्तक आहे का? एका मित्राला हवंय."

पुस्तक विचारलं की विनयची कळी खुलते. त्याने लगेच तीन नावं सांगितली. एक जाडं, एक पातळ आणि एक गाडी ड्राइव्ह करताना ऐकायचं.

"पातळच बरं. लवकर वाचून होईल ना? आणि बायकोला कसं सांगायचं, असलं काही असतं का त्यात?"

"असतं की. सातवं चॅप्टर बघ," विनय खुर्च्या रचत म्हणाला. नकुलने फोनवर टिपून घेतलं, "थँक्स, दादा," म्हणाला आणि गेला.

विनय गाडीत बसला आणि त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. मित्राने आपल्या बायकोला काय सांगावं, याची काळजी नकुलला कशाला? मग एकेक आठवायला लागलं. कोलोरॅडोच्या ट्रिपला नकुल आणि त्याची बायको कादंबरी, दोघांचं पक्कं होतं, नकुलने आयत्या वेळी कॅन्सल केलं. गेल्या बैठकीत ऑप्शन्सचा विषय निघाला होता, म्हणजे शेअरचा भाव चढेल की उतरेल यावर पैज मारायचा उद्योग. एरवी सगळ्यात जास्त बडबडणारा नकुल तेव्हा पोह्यांतले शेंगदाणे वेचत गप्प बसला होता.

घरी येऊन त्याने नीलांबरीला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मित्रबित्र कुणी नाही, विनय. तोच आहे तो."

"मलाही तसंच वाटतंय."

"मग विचारायचंस ना! माणूस समोर उभा होता."

"अगं, रूल आहे ना आपला."

"खड्ड्यात गेला रूल." नीलांबरीने हातातला टॉवेल खाली ठेवला. "रूलसाठी नाही थांबलास तू. त्याला विचारलं असतंस तर तुझंही सांगावं लागलं असतं."

हे वर्मी बसलं, कारण खरं होतं. सगळे पैसे एका जागी ठेवू नका, असं त्याने यादीत पाच पुस्तकांपुढे लिहून ठेवलं होतं. आणि चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाचं ऐकून बचतीतला मोठा हिस्सा त्याने एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घातला, आणि कंपनी बुडाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. नीलांबरीशिवाय हे कुणालाही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर यादीला कुणी विचारलं नसतं, आणि यादी गेली की फ्रिस्कोत विनय खानझोडे म्हणजे आणखी एक टक्कल पडलेला आयटीवाला.

दुपारभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. लॉन अर्धं कापलं आणि मशीन तिथेच सोडून आत आला. नकुलला मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी नकुलसाठी लायब्ररीत आणखी एक पुस्तक राखून ठेवावं म्हणून फोन उघडला, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. बुडणाऱ्या माणसाला हा पोहण्याची पुस्तकं पाठवत होता! चार वाजता किल्ली उचलून तो निघाला.

नकुल गॅरेजमध्ये सायकलला हवा भरत होता. विनयला बघून हसला, नेहमीसारखाच.

"या ना दादा! काय विशेष?"

विनय दारातच येरझाऱ्या घालायला लागला. वाटेत जुळवून आणलेली सगळी वाक्यं विसरली होती. "एक्कावन्न हजार डॉलर," तो एकदम म्हणाला. "माझे. चार वर्षांपूर्वी. एकाच शेअरमध्ये घातले आणि सगळे गेले."

नकुलच्या हातातला पंप थांबला. "पण दादा, तुमच्या लिस्टमध्ये तर..."

"लिहिलंय. मीच लिहिलंय."

नकुल खाली बसला, तिथेच, फरशीवर. "वहिनींना कधी सांगितलंत?"

"तेवीस दिवसांनी. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. मग म्हणाली, पैसे गेले ते गेले, पण तेवीस दिवस माझ्याशी हसत कसा बोललास?"

नकुलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अडतीस हजार आहेत, दादा. ऑप्शन्समध्ये घालवले, सगळे क्रेडिट कार्डांवर. कादंबरीला काही माहीत नाही." मग वर न बघता, "सकाळी तुम्ही पुस्तकांची नावं सांगितलीत ना, मी गाडीत बसून रडलो. वाटलं होतं, तुम्ही तरी विचाराल."

विनयच्या येरझाऱ्या थांबल्या. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "चल, आत जाऊ. मी थांबतो."

आत कादंबरी चहा टाकत होती. "अरे, दादा! बरं झालं आलात," म्हणत ती वळली आणि तिने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. गॅस बंद केला.

"किती?" तिने विचारलं.

म्हणजे हिला कधीपासूनच संशय होता! नकुल ओट्याला धरून उभा राहिला. "सत्तेचाळीस हजार," तो म्हणाला. विनय चमकला. गॅरेजमधल्या आकड्यापेक्षा हे नऊ हजारांनी जास्त होते.

कादंबरी खुर्चीत बसली. ओरडली नाही, रडली नाही, टेबलावरची काल आलेली पत्रं नुसती एकावर एक रचत राहिली. ते बघवेना, तसा विनय खिडकीपर्यंत गेला आणि परत आला.

"नकुल," तो म्हणाला, "माझेही एक्कावन्न नव्हते रे. चौसष्ट होते."