नऊ नंबरचा खटका

तीन माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती बसली की टेबलाखाली तारेचे तुकडे साठतात. ते झाडूनं निघतात. किस्से मात्र निघत नाहीत! उलट माणसं कमी होत गेली की ते जास्तच आठवायला लागतात. आता टेबलाशी मी एकटाच असतो, म्हणून म्हटलं तुम्हाला सांगावेत.

आम्ही तिघं. मी परभणीच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेला. मुंजाजीचं स्टेशन रोडला मोटार रिवायंडिंगचं दुकान. आणि गंगाधरराव चुडाव्याचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं यायचे. तिघांना वेड एकच, घरी बनवलेला अॅम्प्लिफायर. त्यातही आवाज कमी-जास्त करायला साधं बटण चालायचं नाही. ट्रान्सफॉर्मरच पाहिजे!

म्हणजे काय, तर मुठीएवढ्या ट्रान्सफॉर्मरवर केसासारख्या तारेचे हजारो वेढे घालायचे, मधूनमधून चोवीस ठिकाणी चोवीस तारा बाहेर काढायच्या आणि एका गोल स्विचला जोडायच्या. स्विच फिरवला की खट्! एक खटका, एक पायरी, आवाज तेवढा मोठा. मुंजाजी समजावून सांगायचा, "साधं बटन म्हंजे पाटात धोंडा टाकून पाणी अडवायचं. ह्ये म्हंजे पाहिजे त्या सरीला दार धरायचं." इतकं सोपं मी पस्तीस वर्षांत एकदाही शिकवलं नाही.

*

गंगाधररावांनी पहिला ट्रान्सफॉर्मर घरी नेला तेव्हा चुडाव्यात बातमी फुटली की गंगाधररावांनी शेताला वीज देणारी स्वतःची डीपी बसवली!

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शेतकरी दारात. "राव, तुमच्या डीपीवर आमची एक पाच एचपीची मोटार चालंल का?"

गंगाधररावांनी तो ट्रान्सफॉर्मर आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यातल्या एकानं उलटासुलटा करून पाहिला, कानाशी हलवून पाहिला आणि परत दिला.

"राव, हिच्यावर तर डास बी मरायचा न्हाई!"

*

मुंजाजी वेढे तोंडानं मोजायचा. मोजणी चालू असताना त्याच्याशी बोलायचं नाही, हा दुकानाचा नियम होता. पण गिऱ्हाइकाला नियम कोण सांगणार?

एकदा एक जण धापा टाकत आला. "मालक, बोअरची मोटार जळाली! किती टाइम लागंल?"

"तेराशे सात," मुंजाजी म्हणाला.

माणूस गोंधळला. "तास?"

"तेराशे आठ."

तो माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "सर, ह्यायला लय काम दिसायलंय. मी दुसरीकडं बघतो."

*

मुंजाजीची आणखी एक पद्धत. मोटार असो की ट्रान्सफॉर्मर, बंद करायच्या आधी आत एक चिठ्ठी ठेवायची. किती वेढे, कुठली तार, कुठं काय जोडलंय. चिठ्ठीची सुरुवात ठरलेली: 'उघडणाऱ्यास.'

मी विचारलं, "मुंजाजी, कोण वाचणार आहे हे?"

"आपल्यामागं कुणी तरी उघडंलच की, सर. त्यानं आपल्याला शिव्या द्यायला नको."

*

माझा डबा, म्हणजे माझा अॅम्प्लिफायर, मुंजाजीनं आणि गंगाधररावांनी मिळून बांधला. तीन रविवार नुसते वेढे. चौथ्या रविवारी तो वाजला. सतारीची रेकॉर्ड लावली होती, आणि खरं सांगतो, तार छेडणारं बोटसुद्धा ऐकू आलं! पाचव्या रविवारी ते दोघं येण्याआधी मला आत डोकवायची हुक्की आली. झाकण काढलं, स्क्रू-ड्रायव्हर निसटला आणि तार तुटली. तीन रविवारांची मेहनत एका सेकंदात मातीत!

मुंजाजी आला, पाहिलं. परत सगळे वेढे घातले. झाकणाचे चारही स्क्रू आवळले आणि माझा स्क्रू-ड्रायव्हर आपल्या खिशात टाकला.

"मुंजाजी, अरे माझा आहे तो!"

"तुमचाच हाय. पण माझ्याकडं ऱ्हाईल. सर, तुमी नुस्तं ऐकायचं. डब्ब्याला हात लावायचा न्हाई."

हे तो माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून सांगत होता!

*

आम्हा तिघांचे नंबर ठरलेले होते. गंगाधरराव सातवर ऐकायचे, मुंजाजी दहावर, मी नऊवर. बटणाचं कसं, थोडं इकडे थोडं तिकडे झालं तरी कळत नाही. खटक्याचं तसं नाही. नऊ म्हणजे नऊ. माझ्या वयाचे शेजारी कानाला मशीन लावायला लागले तेव्हा मी कॉलर ताठ करून सांगायचो, "आपण अजून नऊवर!"

मग बायको गेली. मुलगा पुण्याला. त्याच वर्षी एका रविवारी नऊवर सतार मला लांबून आल्यासारखी वाटली. स्विच पुढे फिरवायला हात गेला आणि मी मागे घेतला. भीती वाटली हो. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. कानही गेले तर रविवारी मी या दोघांबरोबर करायचं काय? नुसता चहा?

मी मुंजाजीला म्हणालो, "नऊ जरा दबल्यासारखा वाटतोय रे."

त्यानं गंगाधररावांकडे पाहिलं. गंगाधररावांनी चहात बिस्किट बुडवलं.

"स्विचवर धूळ बसली आसंल, सर. दुकानात नेऊन साफ करून आणतो."

आठ दिवसांनी डबा परत आला. नऊवर सतार पहिल्यासारखी लख्ख! मी टाळीच दिली. "बघा! कान शाबूत आहे, धूळच होती!"

"परभणीची धूळ लय वंगाळ," मुंजाजी म्हणाला.

तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी तो धूळ काढायला डबा घेऊन जायचा.

*

याच सुमाराला गंगाधरराव चळले! मे महिना, डोक्यावर पंखा गरम हवा फेकतोय, आणि हा माणूस माझ्या घरी आल्याबरोबर पिशवीतून मफलर काढतो आणि कानाभोवती गुंडाळतो!

"गंगाधरराव, कामून?"

"वारं लागायलंय कानाला."

"कुठलं वारं? झाडाचं पान हलेना!"

"तुमाला न्हाई कळायचं, सर."

मुंजाजी इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही मागे लागलो. चांगल्या डॉक्टरकडे जा म्हणालो, कानाची मशीन लावून घ्या म्हणालो, वय झालं की लाजायचं काय, असं बरंच ऐकवलं. गंगाधररावांनी मफलर आणखी एक वेढा आवळला आणि मान डोलवली.

शेजारच्या काकूंनी तेव्हाच शिलाई मशीन पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत नेलं. म्हणाल्या, तिकडे उजेड चांगला आहे.

*

गंगाधररावांना त्यांच्या मुलानं संभाजीनगरला नेलं. तिकडे ते रमले नाहीत, पण रविवारी सकाळी पॅसेंजरच्या वेळेला फोन न चुकता येतो. पहिला प्रश्न एकच, "सर, कितीवर?" मी सांगतो, "नऊवर!" मग ते खूश. त्यांचा आवाज हल्ली बारीक येतो. तिकडे नेटवर्क बरं नसावं.

मुंजाजी मागच्या उन्हाळ्यात गेला. दुकानात खुर्चीवर बसल्याबसल्याच गेला. तेराव्याला गेलो तर त्याच्या बायकोनं कपाटातून एक कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. "सरांचं हाय, सरांनाच द्यायचं, आसं सांगून ठिवलं हुतं."

पुडीत माझा स्क्रू-ड्रायव्हर. दांड्याला तेल लावून ठेवलेलं.

त्यानंतर रविवारी मी तीन कप मांडायचो आणि दोन परत ठेवायचो. सवय जायला वेळ लागतो.

*

दिवाळी आली. धूळ काढणारं कुणी नव्हतं. नऊ पुन्हा दबला होता. गेल्या रविवारी म्हटलं, आपणच करू. या खेपेला स्क्रू-ड्रायव्हर निसटू दिला नाही. झाकण निघालं. स्विच आरशासारखा चकचकीत, धुळीचा कण नाही. तारांच्या जोडांवर नव्या सोल्डरचे टिपके. आणि कोपऱ्यात घडी घातलेली चिठ्ठी. मुंजाजीचं अक्षर.

'उघडणाऱ्यास. तारा पुढं सरकवल्या हाईत. नऊ नंबरवर अकराची तार हाय.'

अकरा खोडून तेरा केले होते. तेरा खोडून पंधरा. पंधरा खोडून अठरा.

'मुद्दाम हाय. चूक समजून बदलू नये. सरांना सांगू नये. – मुंजाजी.'

त्याखाली वेगळ्या पेनानं: 'साक्षीदार, गंगाधर, चुडावा.'

चिठ्ठी होती तशी घडी करून मी आत ठेवली. चारही स्क्रू आवळले. सतार लावली आणि स्विच फिरवला. एक, दोन, तीन, करत नऊ.

तेवढ्यात फोन आला. पलीकडून गंगाधरराव पार ओरडून विचारत होते, "सर, कितीवर?"

मी म्हणालो, "नऊवर!"