डॅनिएलाच्या आईचं पाकीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट कळत नाही.

२००५ साली आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरी नावाच्या उपनगरात राहत होतो. मी नागपूरहून नवी आलेली, डिपेंडंट व्हिसावर, दिवसभर अपार्टमेंटमध्ये एकटी. समोर डॅनिएला — रोमानियाची, एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला. खालच्या मजल्यावर कॅरल, साठी उलटलेली, मला ड्रायव्हिंग शिकवणारी. या देशात माझी माणसं म्हणाल तर या दोघीच.

कॅरलचं चर्च दर उन्हाळ्यात रोमानियाला माणसं पाठवायचं. इंग्रजीचे वर्ग, मुलांची शिबिरं, आणि त्यातून येशू. डॅनिएलाला त्याची भयंकर चीड. ती म्हणायची, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, आम्हाला हे कुठला येशू शिकवणार? अशाच लोकांच्या नादानं तिच्या आईनं पंथ बदलून घरातल्या संतांच्या तसबिरी उतरवल्या होत्या. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद. हे सगळं तिनं एकदा जिन्यात कॅरलला सुनावलं, गावाचं आणि आईचं नाव घेऊन. त्यानंतर कॅरलला तिनं दार उघडलं नाही.

मला डॅनिएलाचं पटायचं. माझाही संशय होताच ना — ही बाई माझ्यासाठी एवढं का करते? पार्किंग शिकवताना तिनं आमच्या गणपतीबद्दल काही विचारलं, की मी लगेच सावध. तिनं आणून दिलेल्या केकमध्येसुद्धा मला डाव दिसायचा.

त्या उन्हाळ्यात कॅरल मुद्दाम वाट वाकडी करून डॅनिएलाच्या गावी गेली. तिच्या आईला शोधून काढलं. परत आल्यावर एक जाड पाकीट माझ्या हातात दिलं. माझ्याकडून ती घ्यायची नाही, तू देशील का, म्हणाली. मी हो म्हणाले.

आणि दिलं नाही. फोडलं. आत एक पुस्तिका, वर क्रॉस. म्हटलं, बघा — शेवटी हेच! मैत्रिणीला हा ताप कशाला? पाकीट इमारतीमागच्या कचऱ्याच्या डंपस्टरमध्ये टाकलं. कॅरलला सांगितलं, दिलं, ती काही बोलली नाही. कॅरलनं नंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं.

इथे थांबता आलं असतं. पण — पुस्तिकेत चार कागद होते. निळ्या शाईनं, हातानं लिहिलेले. वर डॅनिएलाचं नाव. तेवढं मला वाचता आलं. कुठलीतरी प्रार्थना उतरवलेली असेल, असं मी मनाशी म्हटलं. खोटं. आईचं पत्र ओळखायला भाषा यावी लागते का? मी ओळखलं होतं. ओळखूनही फेकून दिलं. का? ते डॅनिएलाच्या हाती पडलं असतं तर कॅरल चांगली ठरली असती — आणि मग माझा संशय कुठे गेला असता?

फेब्रुवारीत डॅनिएलाची आई गेली. मी डॅनिएलाजवळ सोफ्यावर बसले होते. ती रडत नव्हती.

"शेवटपर्यंत एक ओळ लिहिली नाही तिनं मला," ती म्हणाली.

सांगायची हीच वेळ होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"त्या लोकांनी लिहू दिलं नसेल," मी म्हणाले.

डॅनिएलानं मान हलवली. तिला ते पटलं.