मायच्या कडेवरची पोर

बीडमध्ये हल्ली लग्न ठरलं की मुलीला शंभर वर्षांपूर्वीची बाई व्हायचं असतं. मी ब्लाऊज शिवते, म्हणून मला माहीत. केस तांबडे केलेली, पुण्यात नोकरी करणारी पोरगी येते, मोबाइल पुढं करते आणि म्हणते, "मावशी, अशी फुग्याची बाही, कोपरापर्यंत, गळ्याला झालर. प्री-वेडिंगला पाहिजे." मग ते दोघं गावाबाहेरच्या जुन्या खजाना विहिरीवर जातात. ती हातात कंदील धरून लाजते, तो आयुष्यात पहिल्यांदा नेसलेलं धोतर धरून उभा राहतो, आणि चांगला रंगीत आलेला फोटो मुद्दाम पिवळा करून घेतात. ज्या बायकांची ही नक्कल, त्यांना लाजायला सवड कधी मिळाली होती कुणास ठाऊक. पण मी कशाला बोलू? माझं दुकान त्या फुग्यांवरच चालतं.

फोटो पिवळे करायचं काम आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टुडिओवाल्याचं. माणूस वाईट नाही. फक्त त्याला मोकळी जागा बघवत नाही. फोटोत आभाळ दिसलं की तो त्यात कबुतरं सोडतो. अशा माणसाकडं मी आत्याच्या आईचा फोटो नेला, म्हणजे अक्कल माझीच गहाण पडलेली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सावत्र बहीण. नव्वदीला टेकलेली. उमापूरला लेकाकडं असते, पण डोळ्यांच्या औषधासाठी या उन्हाळ्यात माझ्याकडं आली होती. काचबिंदू. एक डोळा गेलेला, आणि दुसऱ्याचं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "फार तर दिवाळीपर्यंत."

आत्या दीड वर्षाची असताना तिची आई वारली. मग आजोबांनी माझ्या आजीशी लग्न केलं, म्हणजे आत्याची आई ती माझी थोरली आजीच. आत्याला वाढवलं ते तिच्या चुलतीनं, आणि वाढवता वाढवता रोज ऐकवलं, "पोरगी झाली म्हनून तुझी माय तुला हातात घेत नव्हती. तोंड फिरवायची." चुलती मरून चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली असतील, पण हे वाक्य काही मेलं नाही. आत्याला स्वतःची पाच पोरं झाली, सगळ्यांना तिनं नको तितकं कडेवर वागवलं, आणि तरीही वर्षातून एकदा तरी ती कुणाला तरी विचारायचीच, "मायनं मला खरंच घेतलं नसल का गं?"

आणि वडिलांची पत्र्याची पेटी आवरताना मला तो फोटो सापडला. तळहाताएवढा. मागं वडिलांच्या अक्षरात, बहुधा आजोबांनी सांगितलं म्हणून लिहिलेलं: पहिलं कुटुंब, मुलीसह.

मी ओरडलेच. आत्या भिंतीला धरत धरत आली.

"मला घेतलंय का?"

"घेतलंय की! कडेवर."

तिनं हात पुढं करून फोटोवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "घे म्हनलं आसंल कोनी तर घेतलं आसंल. तोंड कसं हाय तिचं? मला घेऊन कशी दिसायली?"

आता आली का पंचाईत! तोंड तुरीच्या डाळीएवढं आणि रंग उडालेला. माझ्या चष्म्यालाही काही पत्ता लागेना. आत्यानं फोटो उरलेल्या डोळ्याला अगदी चिकटवला आणि म्हणाली, "सगळं धुकं हाय. मोठा करून आन. डोळा जायच्या आत आन."

तोंड दिसत नव्हतं, कपाळावरच्या गोंदणाचा काळा ठिपका तेवढा होता, पण कपडे मला दिसत होते. माझी नजरच तशी झालीय. लुगडं आमच्या बायकांचं, जाडंभरडं, घोट्याच्या वर नेसलेलं. आणि अंगात मखमलीचं पोलकं, बाह्यांना हे एवढाले फुगे! ते पोलकं तिचं नव्हतंच. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, छातीवर आडव्या चुण्या, म्हणजे मागून टाचण्या लावून आवळलेलं. निजामाच्या काळात बाजाराच्या दिवशी पडदा टांगून बसणारे फोटोवाले असं एक पोलकं आणि एक बूटजोड जवळ ठेवायचे. ज्याला हौस त्यानं चढवावं, फोटो निघाला की उतरवावं. हेच पोलकं मी आणखी दोन फोटोंत बघितलंय, गिऱ्हाइकांनी नमुना म्हणून आणलेल्या. एक आष्टीकडच्या बड्या घरातली बाई, दुसरी एक धनगराची. डाव्या बाहीवरचं ठिगळसुद्धा तेच. आमची सावली पडली तर ज्यांना आंघोळ लागायची, त्या आष्टीकडच्या बाईंनी आमच्या आजीच्या घामात भिजलेलं पोलकं चढवून, मान ताठ करून फोटो काढला असणार. नाहीतर आधी तिनं आणि मग आमच्या आजीनं. फोटोवाल्यानं कुणालाच सांगितलं नसावं. शाबास रे पठ्ठ्या! मला हे आठवलं की शिलाई मशीनवर एकटीच हसत बसते.

असो. स्टुडिओवाल्याला मी बजावलं, "तोंड नीट दिसलं पाहिजे. भिंतीएवढा मोठा कर. बाकी कशाला हात लावू नको."

"ताई, तुमी बिनघोर राव्हा. आजीला एकदम राणी करून टाकतो."

तिथंच फोटो हिसकावून पळायला पाहिजे होतं मी.

आठ दिवसांनी त्यानं फ्रेम पुढं धरली. सोनेरी काठाची. आत एक बाई, गोरीपान, गाल गुलाबी, नाकात लिंबाएवढी नथ, कपाळाला चंद्रकोर, अंगावर जांभळा शालू, दोन्ही हात मांडीवर, बोटात अंगठी. मागं कबुतरं.

"कोण आहे ही?"

"तुमची आजी."

"आणि कडेवरची पोर?"

"ती का? ती हलली व्हती ताई. तोंड पुसल्यावानी झालतं, भुतावानी दिसायली. मग काढून टाकली."

माझ्या डोक्यात सणक गेली. आत्या! नव्वद वर्षांची बाई आईच्या कडेवरून काढून टाकली या गाढवानं, आणि वर कबुतरं सोडली.

"कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?"

"डाग व्हता तो."

"आणि चंद्रकोर? आमच्या घरात दीक्षा घेऊन कुंकू सोडल्याला तीन पिढ्या झाल्या रे!"

"जुन्या लूकला तीच बसती, ताई."

मी वर बघितलं तर त्याच्या भिंतीवर तीच जांभळ्या शालूतली बाई आणखी तीन फ्रेमांत बसलेली. तोंडं वेगळी, हात तेच, अंगठी तीच. अर्ध्या तालुक्याच्या आज्यांना या बाबानं एकच धड दिलं होतं, आणि लोक त्या धडाला हार घालत होते! मग मात्र मी थांबले नाही. म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या तोंडात आपल्या मनानं काही घालायचा हक्क तुला कुणी दिला? जे आहे ते आहे. वाईट असेल तर वाईट. खरं ते दाखवायचं, नाहीतर दुकान बंद कर आणि कबुतरं पाळ." शेजारचा चपलावाला, समोरची ब्युटी पार्लरवाली, सगळे बाहेर आले. बिचाऱ्यानं मान खाली घालून मूळ फोटो परत दिला आणि त्याची जशीच्या तशी मोठी केलेली प्रत पेनड्राइव्हवर टाकून दिली. फ्रेम मी नेली नाही.

घरी लेकीनं पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आजी पडद्यावर आली, पोलकं, लुगडं, गोंदण, सगळ्यासकट. आत्या पाट घेऊन टीव्हीसमोर बसली आणि नाक काचेला टेकवलं.

"ठिपके दिसायलेत," ती म्हणाली. "निसते काळे-पांढरे ठिपके."

खरं होतं. जवळून सगळे ठिपकेच. चार पावलं मागं सरकलं की त्यांचं तोंड होत होतं. आत्याला मी धरून मागं आणलं, तर तिथून तिच्या डोळ्याला टीव्हीचा नुसता उजेड दिसे. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. लेकीनं मोठं केलं, लहान केलं. कुठल्याच अंतरावर आत्याला तिची आई सापडेना. तिसऱ्या खेपेला ती पाटावर बसली ती उठलीच नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तूच बघ आन सांग. मला घेऊन कशी दिसायली?"

मी चार पावलं मागं उभी होते. मला स्वच्छ दिसत होतं. आजीच्या कपाळावर आठ्या होत्या. ओठ आवळलेले. मान पोरीपासून पलीकडं वळवलेली. आणि डाव्या हाताची दोन बोटं पोरीच्या मांडीत रुतलेली, चिमटा काढल्यासारखी. हलू नको म्हणून असेल. टाचण्या टोचत असतील. ऊन असेल. चुलती म्हणायची तेही असेल. मला काय माहीत?

आत्या माझ्याकडं तोंड करून बसली होती. तिचा तो एक डोळा मी नव्हते तिथं बघत होता.

"हसायलीय," मी म्हणाले.

"खरं?"

"दात दिसायलेत, आत्या."

"माझ्याकडं बघून?"

"तुझ्याकडंच. सगळी मान वळवून."

लेक माझ्याकडं बघायला लागली. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

आत्यानं पदर तोंडाला लावला. मग पदर काढला आणि चुलतीला एक अशी शिवी हासडली, की माझी लेक, कॉलेजात जाणारी, कानाला हात लावून आत पळाली. नव्वद वर्षांत त्या बाईविरुद्ध आत्याच्या तोंडून पहिल्यांदा काही निघालं होतं.

मी टीव्ही बंद करायला गेले.

"ऱ्हाऊ दे गं," आत्या म्हणाली. "हसायलीय ना ती, हसू दे की."