कुणी बघितलं का?

माझ्या धाकट्या बहिणीला शिक्षा झाली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, वाईट संगत लागली असेल. डोंबलाची संगत! तिची संगत म्हणजे मी. बाप आधीच गेलेला, आई गेली तेव्हा मी एकोणीसची, ती सहाची. लोकांचे कपडे शिवून मी तिला वाढवलं, आणि नाकावर राग ठेवूनच वाढवलं.

माझी एक पद्धत होती. तिनं काही उपद्व्याप केला की माझा पहिला प्रश्न, कुणी बघितलं का? बघितलं असेल तर पाठीत धपाटा. नसेल तर विषय संपला. आईबापाविना वाढणाऱ्या पोरींकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात, तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माझं शहाणपण.

नऊ वर्षांची असताना एकदा रडत घरी आली. शाळेच्या जिन्यात तिनं एका मुलीला ढकललं होतं आणि त्या मुलीचा हात मोडला होता. शाळेत सगळ्यांना वाटलं, पाय घसरून पडली. धाकटी म्हणत होती, तिला फार दुखत असेल, मी तिच्या घरी जाऊन खरं सांगते. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. मी विचारलं, कुणी बघितलं का? नाही म्हणाली. मग मीच तिची चप्पल काढून ठेवली आणि तिला जेवायला वाढलं. पोरीला वाचवलं म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

पुढे ती एका दवाखान्याच्या औषधांच्या कोठारात लागली. तिथल्या थंड खोलीत साखरेच्या आजाराची इंजेक्शनं असत. दर दोन तासांनी आत जायचं, थर्मामीटर बघायचं, दारावरच्या तक्त्यात आकडा लिहायचा, एवढंच काम. ही बया सकाळीच चार, पाच, चार, पाच असे दिवसभराचे आकडे भरून मोकळी व्हायची. मला हसत सांगायची, तक्ता तपासतंय कोण? मीही हसायचे. लबाड आहेस, म्हणायचे.

एका उन्हाळ्यात त्या खोलीचं यंत्र दोन दिवस बंद पडलं होतं आणि तक्त्यात आपलं चार, पाच, चार. इंजेक्शनं खराब झाली. तीच टोचून घेणारे एक निवृत्त पोस्टमन साखर वाढून दगावले. धाकटी भर दुपारी घरी आली, थरथर कापत होती. दारातच म्हणाली, "ताई, मी आत गेलेच नव्हते गं."

आणि माझ्या तोंडून गेलं, "कुणी बघितलं का?"

तिची थरथर थांबली. नाही म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी चौकशीत तिनं सांगितलं की यंत्र दुरुस्त करणाऱ्यानंच घोळ केला. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याची नोकरी गेली. पण तो हट्टाला पेटला, यंत्रातली आपोआप होणारी नोंद त्यानं उघडायला लावली, धाकटीचे आकडे खोटे ठरले, आणि कोर्टात न्यायाधीश म्हणाले, चुकीपेक्षा ती दुसऱ्याच्या गळ्यात घालणं वाईट. तीन वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगातल्या समुपदेशक बाईंनी मला एकदा बसवून समजावलं. लहानपणी सगळेच माराला भिऊन नीट वागतात. मग हळूहळू माणूस नियमासाठी, पुढे समोरच्याला काय होईल याचा विचार करून वागायला शिकतो. काही जण पहिल्याच पायरीवर राहतात. गुन्ह्याचं सगळं कारण त्यात सापडत नाही, पण थोडं उमगतं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, ती नऊ वर्षांची असतानाच वर चढली होती, मीच तिला खाली ओढलं. मला रडू आवरेना.

काल भेटीला गेले. जाळीपलीकडे ती, पार वाळलेली. कितीतरी दिवस घोकलेलं मी एकदाचं बोलले. "त्या दिवशी मी पोस्टमनकाकांचं विचारायला हवं होतं."

तिनं जाळीत बोटं अडकवली.

"त्या मुलीचा हात नीट झालाच नाही, ताई," ती म्हणाली. "दहावीपर्यंत तिच्या वह्या मी लिहून द्यायचे. कुणी बघत नसताना."

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.