पाजा, असं मी म्हणाले

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही. आणि आताही वाटतंय, आधी विज्ञानच सांगून घ्यावं — ते सोपं जातं.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवते. बार्शीटाकळीच्या वाटेवर एक तळं आहे. त्या उन्हाळ्यात ते निळसर हिरवं झालं होतं, ऑइलपेंट ओतल्यासारखं जाड. लोक शेवाळ म्हणायचे. खरं तर ते जिवाणू — उन्हावर जगणारे, झाडांच्याही फार आधीचे. उजेड पकडणारं त्यांचं एक मोठं प्रथिन बहुतेकांत तीन-तीनच्या गटात असतं, झाडांत एकेकटं. या तळ्यातल्या जिवाणूंत मला ते चार-चारच्या गटात दिसलं. उत्क्रांतीत तीनाकडून एकाकडे येताना मध्येच चार कसे? त्या प्रश्नाने मला झपाटलं होतं. नमुना मात्र अपुरा होता.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखीही काही दिसलं होतं. मण्यांच्या माळेसारख्या पेशी. या जातीतले काही विषारी असतात, हे मला ठाऊक होतं. काठावर मेलेले बेडूकही पाहिले होते. मग बोलले का नाही? बोलले असते, तर ग्रामपंचायतीने पाण्यात मोरचूद टाकला असता. माझे जिवाणू मेले असते.

शकीलाबी तिथे बकऱ्या चारायच्या. मी बाटल्या भरत असताना त्यांनी विचारलं, "म्याडम, हे पानी बकऱ्यायले पाजू का? वास मारून राह्यलं."

मी थांबले. थांबले होते — हे नक्की आठवतं.

"पाजा," म्हणाले. "शेवाळच आहे."

दुसऱ्या दिवशी गेले तर बकऱ्या काठावर आडव्या पडलेल्या. एक अजून जिवंत होती. पाय थरथरत होते, मान मागे ओढली गेली होती, श्वास अडकत होता. शकीलाबी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काहून मेल्या, म्याडम? तुमी तं शिकेल आहा."

"ऊन लागलं असेल."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं — माझ्या तोंडून आलं होतं ना. मी हातमोजे चढवले. ते त्यांनी पाहिले. "आस्ते उतरजा," एवढंच म्हणाल्या, "काठ निसरडा हाय."

आणि मी बाटल्या भरल्या.

शोधनिबंध छापून आला. अमरावतीच्या परिषदेत मी त्या चार-चारच्या गटाचं चित्र पडद्यावर दाखवलं. टाळ्या पडल्या. शकीलाबी अचलपूरला बहिणीकडे गेल्या, असं तळ्याजवळच्या बसथांब्यावरच्या चहावाल्याने सांगितलं. कशा आहेत, हे मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच रस्त्याने बसने जात होते. तळं पुन्हा तसंच झालंय — जाड, चकाकतं. एक माणूस म्हशी घेऊन पाण्याकडे चालला होता. बस थांब्यावर उभी राहिली, दार उघडलं.

मी उतरले नाही.