दुसऱ्याच्या फोनवरची ओळख

आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला तुम्हाला कधी अनोळखी माणसाची परवानगी मागावी लागली आहे का? कोपरीतल्या एका आईला लागली. पोलीस खात्यातून निवृत्त झालो, तरी ती दुपार माझी पाठ सोडत नाही.

बाई वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगचं काम करायच्या. मुलीच्या नर्सिंग प्रवेशासाठी जातीचा दाखला पाचच्या आत जमा करायचा होता. दाखला मंजूर होता, पण तो संकेतस्थळावरून काढायला लागणारा ओटीपी भलत्याच नंबरवर जात होता.

त्या आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. ठाणे अंमलदार म्हणाला, "मावशी, हा गुन्हा नाही. दाखल्याच्या ऑफिसात जा."

"त्यांनीच इथे पाठवलंय. मी काय कॅरमची सोंगटी आहे?"

मी त्यांना आत बोलावलं. अर्ज गल्लीतल्या सेवा केंद्रवाल्याने भरला होता. आमचा हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या आईचाही त्यानेच भरलाय. ओटीपी त्याच्याच फोनवर येतो."

केंद्रवाल्याला आणलं.

"नंबर कुणाचा टाकलास?"

"माझा, साहेब. लोक कामावर असतात, रिचार्ज संपलेलं असतं. त्यांच्या फेऱ्या वाचतात."

"मग ओटीपी दे."

त्याची मान खाली गेली. "या अर्जाच्या वेळचं सिम मी कधीच बंद केलं."

कंपनीने तो नंबर दुसऱ्याला दिला होता. मी फोन लावला. डोंबिवलीतले एक निवृत्त शिक्षक निघाले.

"पोलीस? आणि ओटीपी हवाय? वा! पोलीस म्हणून फोन आला तरी ओटीपी देऊ नका, असं तुमचेच लोक सोसायटीत सांगून गेलेत."

तशी भाषणं मीही दिली होती. म्हणालो, "गुरुजी, मला देऊच नका. जवळच्या पोलीस ठाण्यात जा, तिथल्या अधिकाऱ्याला माझ्याशी बोलू द्या."

त्यांनी फोन आपटला. चार वाजले. सव्वाचार. मुलगी कॉलेजच्या रांगेतून सारखी विचारत होती, "आई, झालं का गं?"

साडेचारनंतर ठाण्याचा फोन वाजला. "डोंबिवलीहून बोलतोय. एक गुरुजी आलेत, घरच्याच कपड्यांत." ओटीपी नव्याने मागवला, गुरुजींनी तो सांगितला. दाखला काढून मुलीच्या फोनवर पाठवला, पाचला दहा मिनिटं असताना तो जमा झाला.

केंद्रवाला चोर नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटते. चोर पकडता येतो. सवय कोणत्या कलमाखाली पकडायची? तोच नंबर एखाद्या लबाडाच्या हाती पडला असता आणि त्याने बाईंच्या नावावर फसवणूक केली असती, तर कदाचित मी त्या आईचीच चौकशी करत बसलो असतो. नागरिकाचा हक्क ऑनलाइन नेला, पण दाराची किल्ली कुणाकडे राहिली, हे कुणी पाहिलंच नाही.

म्हणून एक करा. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना, इमारतीच्या वॉचमनना आजच विचारा, त्यांच्या ओळखपत्राला, सरकारी अर्जांना कुणाचा नंबर जोडलाय. दुकानदाराचा निघाला, तर अर्धा दिवस रजा टाका, सोबत जा आणि तो बदलून घ्या.